विंचूदंशाची तातडीची चिकित्सा : संशोधन आणि व्यवहार

सारांश :

तातडीच्या वैद्यकात संशोधन आणि उपचार यांमधील अंतर मिनिटांत मोजले जाते. रुग्ण दाराशी आल्यानंतर पुस्तक उघडण्यास वेळ नसतो. आधी काय वाचले, काय मनात ठसले आणि कपाटात कोणते औषध ठेवले, यावरच त्याचे प्राण अवलंबून असतात. प्रस्तुत लेखात लाल विंचवाच्या दंशाचे उदाहरण घेऊन हा संबंध उलगडण्याचा प्रयत्न केला आहे. विषाचे शरीरातील कार्य, प्राझोसिन या औषधाचा उपयोग, प्रतिविषासंबंधीच्या चाचण्या, त्या चाचण्यांच्या मर्यादा आणि त्यांतून निघणारे व्यावहारिक मार्गदर्शन असा लेखाचा क्रम आहे.

बीजसंज्ञा : लाल विंचू, स्वायत्त तंत्रिका तंत्र, फुप्फुसशोफ, प्राझोसिन, प्रतिविष, तातडीचे वैद्यक.

प्रस्तावना :

भारतात तातडीचे वैद्यक ही स्वतंत्र पदव्युत्तर शाखा म्हणून भारतीय आयुर्विज्ञान परिषदेने २००९ मध्ये मान्य केली. त्याआधीही तातडीचे रुग्ण होते आणि त्यांना वाचविणारे डॉक्टरही होते. परंतु ते बहुधा प्राथमिक आरोग्य केंद्रात, तालुक्याच्या गावी, एकट्याने काम करणारे होते. त्यामुळे या शाखेचा विचार केवळ महानगरांतील अतिदक्षता विभागांपुरता मर्यादित ठेवणे योग्य ठरत नाही. या शाखेतील काही महत्त्वाचे ज्ञान ग्रामीण भागातच निर्माण झाले आहे. विंचूदंशावरील संशोधन हे त्याचे ठळक उदाहरण होय.

विंचू मराठी माणसाला अनोळखी नाही. संत एकनाथांच्या भारुडात तो काम-क्रोधाचे रूपक होऊन येतो, आणि ते रूपक श्रोत्यांना पटते याचे कारण विंचवाच्या वेदनेचा अनुभव गावोगावी परिचित होता. मात्र लोकमानसात विंचूदंश म्हणजे 'वेदना' असेच समीकरण राहिले. वेदना उतरली की विंचू उतरला, ही समजूत त्यातूनच रूढ झाली. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने ही समजूत धोकादायक आहे. लाल विंचवाच्या दंशाने मृत्यू येतो तो वेदनेने नव्हे, तर हृदय आणि फुप्फुसे निकामी झाल्याने. आणि ज्याच्या शरीरात विष खोल भिनले आहे अशा रुग्णात दंशाच्या जागी वेदना कित्येकदा कमीच असते.

उद्दिष्टे :

१) लाल विंचवाच्या विषाचा शरीरावरील परिणाम सुबोध रीतीने स्पष्ट करणे.
२) प्राझोसिन व प्रतिविष या दोन उपचारांमागील संशोधनाचा आढावा घेणे.
३) उपलब्ध पुराव्याची बलस्थाने आणि मर्यादा तपासणे.
४) तातडीची सेवा देणाऱ्या चिकित्सकांसाठी, तसेच महाविद्यालयीन परिसरासाठी, मार्गदर्शक सूत्रे मांडणे.

प्रस्तुत लेखन प्रकाशित वैद्यकीय साहित्यावर, म्हणजेच दुय्यम साधनांवर आधारित असून त्यासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

लाल विंचू : ओळख व आढळ

भारतात विंचवांच्या अनेक जाती आढळतात. परंतु मानवी जीवितास खरा धोका असणारी प्रमुख जाती म्हणजे लाल विंचू होय. शास्त्रीय साहित्यात तो दीर्घकाळ मेसोब्युथस टॅम्युलस या नावाने ओळखला गेला. अलीकडील वर्गीकरणानुसार त्यास हॉटेंटोटा टॅम्युलस असे म्हणतात. तो ब्युथिडी कुळातील आहे. त्याच्या नांग्या बारीक आणि शेपटी तुलनेने जाड असते. याउलट, आकाराने मोठा, काळा, जाड नांग्यांचा विंचू, ज्याला अनेक भागांत इंगळी म्हणतात, दिसण्यात भयंकर असला तरी त्याच्या दंशाने सहसा स्थानिक वेदनेपलीकडे गंभीर परिणाम होत नाहीत. आकारावरून विषारीपणाचा अंदाज बांधणे येथे सर्वस्वी चुकीचे ठरते.

लाल विंचू महाराष्ट्रात, विशेषतः कोकणात, मोठ्या प्रमाणावर आढळतो. तो निशाचर आहे. दिवसा तो दगडांच्या फटी, लाकडांच्या मोळ्या, गवत, भाताचा पेंढा, कौले, रचून ठेवलेल्या विटा यांच्या आडोशास राहतो. रात्री अनवाणी चालणे, जमिनीवर झोपणे, न झटकता पायताण किंवा कपडे घालणे, अंधारात सरपण काढणे या नित्याच्या व्यवहारांतच दंश होतो. म्हणून हा आजार प्रामुख्याने शेतकरी, शेतमजूर, वीटभट्टी कामगार आणि त्यांच्या मुलांचा आजार आहे. लहान मुलाचे वजन कमी असल्याने तेवढ्याच विषाचा परिणाम त्याच्यावर अधिक तीव्र होतो.

विषाचे कार्य :

विंचवाच्या विषात अनेक लहान प्रथिने असतात. त्यांपैकी महत्त्वाची प्रथिने तंत्रिकापेशींच्या आवरणावरील सोडियम मार्गिकांवर क्रिया करतात. सामान्य स्थितीत या मार्गिका क्षणभर उघडतात, विद्युत-संदेश पुढे जातो आणि त्या लगेच बंद होतात. विषामुळे त्या बंद होण्याची क्रिया लांबते. परिणामी तंत्रिकांचे टोक पुन्हा पुन्हा उद्दीपित होऊन रासायनिक संदेशवाहकांचा लोंढा बाहेर पडतो. पोटॅशियम मार्गिकांना अटकाव करणारी प्रथिनेही या विषात आहेत. त्यांपैकी आयबेरिओटॉक्सिन हे प्रथिन तर शरीरक्रियाशास्त्राच्या प्रयोगशाळांत संशोधनाचे साधन म्हणून जगभर वापरले जाते.

या लोंढ्याचा परिणाम स्वायत्त तंत्रिका तंत्रावर दोन टप्प्यांत दिसतो. पहिल्या टप्प्यात परानुकंपी विभाग उद्दीपित होतो : उलट्या, भरपूर घाम, लाळ गळणे, नाडी मंदावणे, पुरुष व मुलग्यांमध्ये शिश्नास आपोआप ताठरता येणे ही लक्षणे दिसतात. हा टप्पा अल्पकाळ टिकतो. त्यामागोमाग अनुकंपी विभागाचे वादळ सुरू होते. अ‍ॅड्रेनॅलीन व नॉरअ‍ॅड्रेनॅलीन यांचे रक्तातील प्रमाण वाढते. त्वचेतील व इतर अवयवांतील धमन्या आकसतात, हातपाय थंडगार पडतात, रक्तदाब चढतो, नाडी जलद होते.

येथून पुढची साखळी समजून घेणे अत्यंत आवश्यक आहे, कारण उपचाराचे तर्कशास्त्र तीतच आहे. धमन्या आकसल्यामुळे हृदयाच्या डाव्या जवनिकेला प्रचंड विरोधाविरुद्ध रक्त ढकलावे लागते. त्याच वेळी संप्रेरकांच्या अतिरेकाने हृद्स्नायूस थेट इजा होते. थकलेली जवनिका पुरेसे रक्त पुढे लोटू शकत नाही, रक्त मागे फुप्फुसांत साचते आणि केशवाहिन्यांतील द्रव वायुकोशांत झिरपतो. यालाच फुप्फुसशोफ म्हणतात. रुग्णास धाप लागते, खोकल्यावाटे गुलाबी फेस येतो. यापुढे रक्तदाब कोसळून रुग्ण अभिघातावस्थेत जातो. याशिवाय इन्शुलिनचे स्रवण दबल्याने रक्तातील साखर व मुक्त मेदाम्ले वाढतात आणि हृद्स्नायूचे पोषण बिघडते. या चयापचयी बाजूवर मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातील के. राधाकृष्ण मूर्ती यांनी विस्तृत प्रायोगिक संशोधन केले आणि इन्शुलिन-ग्लुकोज उपचाराचा विचार मांडला.

लक्षणांची श्रेणी :

उपचाराचा निर्णय सुलभ व्हावा म्हणून रुग्णाची अवस्था पुढील चार श्रेणींत मांडली जाते.

श्रेणी १ : दंशाच्या जागी तीव्र वेदना, तेथेच घाम व किंचित सूज, शरीरव्यापी लक्षणे नाहीत.
श्रेणी २ : उलट्या, सर्वांगास घाम, लाळ, शिश्नताठरता, थंड हातपाय, रक्तदाबात बदल, म्हणजेच स्वायत्त तंत्रिका तंत्राचे वादळ.
श्रेणी ३ : थंड हातपाय, जलद नाडी आणि फुप्फुसशोफ.
श्रेणी ४ : जलद नाडी, कोसळलेला रक्तदाब आणि उबदार हातपाय असलेली अभिघातावस्था, फुप्फुसशोफ असेल वा नसेल.

या मांडणीचे वैशिष्ट्य असे की, तिच्यासाठी कोणतेही महागडे यंत्र लागत नाही. घाम, उलटी, लाळ, हातापायांचे तापमान, नाडी, रक्तदाब आणि श्वास एवढ्या निरीक्षणांवर ती उभी आहे. दुसऱ्या श्रेणीतून तिसऱ्या श्रेणीत जाण्यास काही तासच पुरतात. म्हणूनच तातडीच्या उपचाराचे खरे कार्यक्षेत्र दुसरी श्रेणी हे आहे.

संशोधनाची वाटचाल :

विंचूदंशानंतर होणाऱ्या फुप्फुसशोफाकडे पी. एम. मुंडले यांनी १९६१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मधील लेखाद्वारे वैद्यकीय जगाचे लक्ष वेधले. तथापि, त्यानंतरची दोन दशके प्रभावी उपचाराविना गेली. अ‍ॅट्रोपीन, स्टिरॉइड, अ‍ॅलर्जीविरोधी औषधे, झोपेची औषधे अशी मिश्रणे दिली जात आणि गंभीर रुग्ण बहुधा दगावत.

रायगड जिल्ह्यातील महाड परिसरात काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या रुग्णांचे बारकाईने निरीक्षण केले. १९८२ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्यांनी लाल विंचवाच्या दंशानंतर हृदयविकृतीची पूर्वसूचना देणाऱ्या लक्षणांची मांडणी केली. उलट्या, घाम, लाळ, शिश्नताठरता आणि थंड हातपाय ही लक्षणे दिसली की पुढे हृदय व फुप्फुसे धोक्यात येणार, हे त्यातून स्पष्ट झाले. निदान आधी झाल्याखेरीज उपचार आधी करता येत नाही. त्या दृष्टीने हे निरीक्षण मूलभूत होते.

पुढचा प्रश्न उपचाराचा होता. आकसलेल्या रक्तवाहिन्या सैल केल्या तर हृदयावरील भार उतरेल, हे तर्कशुद्ध होते. सोडियम नायट्रोप्रुसाइड हे शिरेवाटे द्यावयाचे औषध हे काम करते. परंतु त्यासाठी अखंड देखरेख आणि थेंबाथेंबाचे नियंत्रण लागते. तालुक्याच्या गावी, विजेचा भरवसा नसताना, ते सर्वांना देणे शक्य नव्हते. प्राझोसिन हे उच्च रक्तदाबासाठी वापरले जाणारे औषध मात्र गोळीच्या रूपात मिळत होते. ते रक्तवाहिन्यांवरील अल्फा-१ ग्राहकांना अटकाव करते, म्हणजे नॉरअ‍ॅड्रेनॅलीनचा संदेश जेथे पोहोचतो तेथेच दार लावते. धमन्या आणि शिरा दोन्ही सैल होतात. हृदयासमोरचा विरोध व हृदयाकडे परतणारा भार दोन्ही कमी होतात. विंचूदंशातील या औषधाच्या उपयोगाविषयीचा बावस्कर यांचा निबंध १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. डॉ. प्रमोदिनी बावस्कर या त्यांच्या पुढील संशोधनातील सहलेखिका होत. पूर्वी गंभीर रुग्णांत सुमारे ३० टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण प्राझोसिनच्या वापरानंतर १ टक्क्याहून खाली आले, असे त्यांच्या प्रकाशित नोंदी सांगतात. २०२२ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर यांना पद्मश्री सन्मान जाहीर झाला.

प्रतिविषाचा प्रश्न :

प्राझोसिन विषाच्या परिणामांना रोखते, विषाला नव्हे. विषाचा निरास करण्याचे काम प्रतिविष करते. घोड्यांच्या शरीरात तयार झालेली प्रतिद्रव्ये शुद्ध करून ते बनविले जाते. मुंबईच्या हाफकिन संस्थेच्या परंपरेतून लाल विंचवाच्या विषावरील प्रतिविष उपलब्ध झाले. मात्र प्रतिविष खरोखर उपयोगी पडते का, या प्रश्नावर जगभरातील संशोधन प्रथमदर्शनी परस्परविरोधी दिसते.

ट्युनिशियात अब्रूग व सहकाऱ्यांनी ८२५ रुग्णांवर केलेली यादृच्छिक नियंत्रित चाचणी १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली. विंचूदंशाच्या सर्व रुग्णांना, तीव्रता न पाहता, सरसकट प्रतिविष दिल्याने लाभ होत नाही, असा तिचा निष्कर्ष होता. याउलट अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात अतिदक्षता विभागातील १५ मुलांवर झालेल्या व २००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्रतिविष मिळालेली आठही मुले चार तासांत लक्षणमुक्त झाली. दुसऱ्या गटातील सातांपैकी एकच मूल त्या वेळात बरे झाले. २०११ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्या प्रतिविषास मान्यता दिली.

हा विरोध वरवरचा आहे. ट्युनिशियातील चाचणीत सौम्य रुग्णही होते, आणि जे आपोआप बरे होणारच आहेत त्यांच्यात कोणत्याही औषधाचा लाभ दिसणे कठीण असते. अ‍ॅरिझोनातील मुले गंभीर होती. पण त्यांना दंश करणारा विंचू वेगळ्या जातीचा, मुख्यतः स्नायू व डोळ्यांच्या अनियंत्रित हालचाली घडविणारा होता. इराणच्या खुजेस्तान प्रांतातील हेमिस्कॉर्पियस जातीच्या विंचवाचे विष तर तांबड्या रक्तपेशी फोडते आणि मूत्रपिंडास इजा करते. म्हणजेच 'विंचूदंश' हा एक आजार नसून अनेक आजारांचे एक नाव आहे. एका देशातील निष्कर्ष दुसऱ्या देशातील रुग्णास लावण्यापूर्वी विंचवाची जात, रुग्णाची श्रेणी आणि उपचारापर्यंत लोटलेला वेळ हे तीन प्रश्न विचारलेच पाहिजेत.

लाल विंचवापुरते उत्तर २०११ मध्ये मिळाले. महाड येथे दुसऱ्या श्रेणीतील ७० रुग्णांवर झालेली चाचणी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने प्रसिद्ध केली. ३५ रुग्णांना प्राझोसिन व प्रतिविष दोन्ही, तर ३५ रुग्णांना केवळ प्राझोसिन देण्यात आले. दहा तासांच्या आत पूर्ण बरे झालेल्यांची संख्या पहिल्या गटात ३२, म्हणजे ९१.४ टक्के, तर दुसऱ्या गटात ८, म्हणजे २२.९ टक्के होती. पुदुच्चेरी येथील जिपमेर संस्थेत मुलांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यादृच्छिक चाचणीतही दोन्ही औषधे मिळालेली मुले अधिक लवकर बरी झाल्याचे दिसले.

पुराव्याची चिकित्सा :

अध्यापन व संशोधन करणाऱ्या वाचकास वरील आकडे वाचून काही प्रश्न पडणे स्वाभाविक आहे आणि ते पडलेही पाहिजेत.

पहिला प्रश्न प्राझोसिनविषयी. मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांवरून १ टक्क्याखाली आले हा निष्कर्ष 'आधी व नंतर' अशा तुलनेचा आहे. त्याच काळात रस्ते सुधारले, रुग्ण लवकर पोहोचू लागले, डॉक्टरांचे निदान नेमके झाले. सौम्य रुग्णही अधिक संख्येने रुग्णालयात येऊ लागले असल्यास टक्केवारी आपोआप उतरते. त्यामुळे घसरणीचे सर्व श्रेय एका गोळीस देता येत नाही. तथापि, विषाच्या कार्याशी जुळणारे तर्कशास्त्र, रुग्णशय्येवर दिसणारा परिणाम आणि घसरणीचे मोठे प्रमाण एकत्र पाहिले असता औषधाची उपयुक्तता नाकारणे अवघड ठरते. प्राझोसिनविना केवळ निष्क्रिय गोळी देणारी चाचणी आता करणे नैतिकदृष्ट्या समर्थनीय ठरणार नाही. म्हणून हा पुरावा याच स्वरूपात राहील, हे मान्य करावे लागते.

दुसरा प्रश्न महाडच्या चाचणीविषयी. तीत कोणाला काय दिले हे डॉक्टर व रुग्ण दोघांनाही माहीत होते. निरीक्षकाच्या अपेक्षेचा परिणाम नोंदीवर होऊ शकतो, ही अशा चाचणीची मर्यादा असते. शिवाय बरे होण्याचा वेळ घटला असला, तरी अधिक गंभीर श्रेणीत गेलेल्या रुग्णांची संख्या दोन्ही गटांत जवळपास सारखी होती. ७० रुग्णांच्या चाचणीतून मृत्यूच्या प्रमाणाविषयी निष्कर्ष काढता येत नाही. याचा अर्थ असा की, प्रतिविषाने रुग्ण लवकर बरा होतो, हे लाल विंचवाच्या बाबतीत बऱ्यापैकी सिद्ध झाले आहे; परंतु प्रतिविष नसल्यास रुग्णाला प्राझोसिन देण्यात विलंब करावा, असा अर्थ त्यातून मुळीच निघत नाही. ग्रामीण रुग्णालयासाठी हा भेद जीवनमरणाचा आहे.

तिसरा मुद्दा वेळेचा. प्रतिविष रक्तात फिरणाऱ्या विषास बांधून ठेवते. आधीच बाहेर पडलेल्या संप्रेरकांवर त्याचा काही इलाज चालत नाही. म्हणून ते जितके लवकर तितके उपयुक्त, आणि म्हणूनच ते प्राझोसिनला पर्याय नसून पूरक आहे.

चिकित्सकांसाठी मार्गदर्शक सूत्रे :

वरील विवेचनाच्या आधारे तातडीच्या सेवेतील चिकित्सकांसाठी पुढील सूत्रे मांडता येतात.

१) प्रथम श्रेणी निश्चित करावी. हातापायांना स्पर्श करून ते थंड व ओले आहेत का हे पाहावे. दंशाची वेळ नोंदवावी.

२) केवळ वेदना असल्यास वेदनाशामक, बर्फाचा शेक किंवा दंशाच्या जागी अ‍ॅड्रेनॅलीनविरहित लिग्नोकेनचे इंजेक्शन पुरते. अशा रुग्णास प्राझोसिनची गरज नसते. परंतु लक्षणे पुढे वाढत नाहीत ना, यासाठी त्यास, विशेषतः मुलास, निरीक्षणाखाली ठेवावे.

३) दुसऱ्या श्रेणीची लक्षणे दिसताच प्राझोसिन द्यावे. मुलांसाठी दर किलो वजनास ३० मायक्रोग्रॅम ही मात्रा वापरली जाते. उदाहरणार्थ, १५ किलो वजनाच्या मुलास ४५० मायक्रोग्रॅम, म्हणजे १ मिलिग्रॅमच्या गोळीचा निम्म्याहून किंचित कमी भाग. हातपाय उबदार व कोरडे होईपर्यंत दर तीन तासांनी मात्रा पुन्हा दिली जाते. यासाठी तत्काळ विरघळणारी गोळी हवी. हळूहळू औषध सोडणारी दीर्घप्रभावी गोळी मोडून देता येत नाही.

४) पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब एकाएकी घसरण्याची शक्यता असते. म्हणून रुग्णास आडवेच ठेवावे. मुलास कडेवर उचलून घेऊ देऊ नये. उलट्या व घामाने झालेली पाण्याची तूट तोंडावाटे जलसंजीवनी देऊन, उलट्या थांबत नसल्यास शिरेवाटे बेताने, भरून काढावी.

५) नाडी, रक्तदाब, श्वसन व हातापायांचे तापमान पहिले तीन तास दर अर्ध्या तासाने, त्यानंतर दर तासाने पाहावे व लिहून ठेवावे.

६) लाल विंचवाचे प्रतिविष उपलब्ध असल्यास दुसऱ्या वा त्यापुढील श्रेणीत ते लवकर द्यावे. अ‍ॅलर्जीच्या तीव्र प्रतिक्रियेची तयारी जवळ ठेवावी. सर्पदंशावरील प्रतिविषाचा विंचूदंशात उपयोग नाही. ते देऊन वेळ व औषध दोन्ही वाया घालवू नये.

७) फुप्फुसशोफ झाल्यास रुग्णास टेकून बसवावे, प्राणवायू व आवश्यकतेनुसार मुखवट्याद्वारे दाबयुक्त श्वसनसाहाय्य द्यावे. रक्तदाब चांगला असल्यास शिरेवाटे नायट्रोग्लिसरीन किंवा नायट्रोप्रुसाइड, तर रक्तदाब कोसळल्यास डोब्युटामीन यांचा आधार घेतला जातो. या टप्प्यावर शिरेवाटे भरभर सलाइन देणे म्हणजे भरलेल्या फुप्फुसांत आणखी पाणी ओतणे होय.

८) पुढे पाठवावयाच्या रुग्णास प्राझोसिनची पहिली मात्रा देऊनच पाठवावे आणि मात्रा व वेळ चिठ्ठीवर लिहावी. रुग्णवाहिकेतील प्रवासाचा तास हा उपचारातील तास ठरला पाहिजे.

टाळावयाच्या गोष्टीही तितक्याच महत्त्वाच्या आहेत. अ‍ॅट्रोपीन घाम व लाळ थांबवते, त्यामुळे रुग्ण सुधारल्याचा भास होतो. प्रत्यक्षात नाडी आणखी जलद होऊन हृदयावरील ताण वाढतो. बीटा-अवरोधक औषधे एकटी दिल्यास अल्फा ग्राहकांचे कार्य मोकाट सुटते आणि हृदयाचा जोरही कमी होतो. स्टिरॉइडचा उपयोग नसल्याचे ट्युनिशियातच ६०० रुग्णांवर झालेल्या व १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने दाखवून दिले. तरीही सवयीने ही औषधे दिली जातात. जुनी सवय मोडणे हे नवे औषध शिकण्यापेक्षा कठीण असते, याचा प्रत्यय येथे येतो.

बरे होण्याची खूणही वेगळी आहे. घाम थांबतो, हातपाय उबदार होतात, आणि पूर्वी दबलेली दंशाच्या जागची वेदना पुन्हा जाणवू लागते. नातेवाइकांना ही गोष्ट आधी सांगून ठेवणे हिताचे असते. अन्यथा सुधारणाऱ्या रुग्णाची वेदना पाहून ते त्यास दुसरीकडे हलविण्याची घाई करतात.

महाविद्यालयीन परिसर व समाज :

हा विषय केवळ डॉक्टरांचा नाही. राष्ट्रीय सेवा योजनेची ग्रामीण शिबिरे, भूगोल व वनस्पतिशास्त्राच्या अभ्याससहली, पुरातत्त्वीय उत्खनने आणि वसतिगृहे यांतून विद्यार्थी व प्राध्यापक अशा परिसरात वावरतात. शिबिरापूर्वी जवळच्या ज्या रुग्णालयात प्राझोसिन व प्रतिविष उपलब्ध आहे, त्याची चौकशी करून ठेवणे, महाराष्ट्रात २०१४ पासून कार्यरत असलेल्या १०८ या रुग्णवाहिका सेवेचा क्रमांक सर्वांना सांगणे, रात्री विजेरी व बंद पायताण वापरणे, अंथरूण व कपडे झटकून घेणे हे साधे उपाय प्रभावी ठरतात. विंचवाचे शरीर अतिनील प्रकाशात हिरवट-निळसर चमकते. त्यामुळे स्वस्तात मिळणारी अतिनील विजेरी शिबिराच्या साहित्यात असावी.

दंश झाल्यास आवळपट्टी बांधू नये, जखम कापू वा चोखू नये, रसायने चोळू नयेत. विंचवाचा शोध घेण्यात वेळ घालवू नये. मंत्राने विंचू 'उतरल्याचे' अनुभव लोक सांगतात, कारण बहुसंख्य दंश सौम्य असतात आणि ते काही तासांत आपोआपच उतरतात. श्रेय मात्र मांत्रिकाकडे जाते. विंचवाच्या जातींतील फरक आणि दंशाच्या श्रेणी समजावून सांगितल्या तर ही समजूत टिंगल न करताही दूर करता येते. उलटी, घाम आणि थंड हातपाय ही तीन लक्षणे दिसताच रुग्णालय गाठावे, एवढे एक सूत्र गावातील प्रत्येक घरात पोहोचविणे विद्यार्थ्यांना सहज शक्य आहे.

समारोप :

विंचूदंशावरील संशोधनाचा प्रवास निरीक्षणापासून तर्काकडे, तर्कापासून उपचाराकडे आणि उपचारापासून नियंत्रित चाचणीकडे झाला आहे. त्यातील आरंभीचे निर्णायक टप्पे मोठ्या प्रयोगशाळेत नव्हे, तर तालुक्याच्या ठिकाणी गाठले गेले. महागडे तंत्रज्ञान नसताना नेमके निरीक्षण, काटेकोर नोंदी आणि उपलब्ध औषधाचा विचारपूर्वक वापर यांतून जागतिक मान्यतेचे ज्ञान निर्माण होऊ शकते, हे त्यावरून दिसते.

मात्र ज्ञान निर्माण होणे आणि ते रुग्णापर्यंत पोहोचणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. प्राझोसिनचा निबंध १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. तरी एखाद्या आरोग्य केंद्राच्या कपाटात आज ती गोळी नसेल, तर तेथे येणाऱ्या मुलासाठी १९८६ अजून उजाडलेलेच नाही. संशोधनाचा शेवटचा टप्पा नियतकालिकाच्या पानावर नसून त्या कपाटात असतो. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात प्राझोसिनची साधी गोळी, भिंतीवर चार श्रेणींचा तक्ता आणि त्यांचा वापर जाणणारा कर्मचारी असणे, ही फारशी खर्चिक नसलेली व्यवस्था आहे. तिच्या अभावी जाणारा प्रत्येक जीव टाळता येण्याजोगा असतो.

निष्कर्ष :

१) लाल विंचवाच्या दंशातील धोका वेदनेत नसून स्वायत्त तंत्रिका तंत्राच्या उद्रेकामुळे होणाऱ्या हृदय व फुप्फुसांच्या विकृतीत आहे.
२) उलटी, सर्वांगास घाम, लाळ व थंड हातपाय ही पूर्वसूचक लक्षणे यंत्राविना ओळखता येतात.
३) प्राझोसिन हा लवकर सुरू करावयाचा मुख्य उपचार असून प्रतिविष त्यास पूरक आहे, दोन्ही मिळाल्यास रुग्ण अधिक लवकर बरा होतो.
४) परदेशातील निष्कर्ष विंचवाची जात, श्रेणी व वेळ यांचा विचार केल्याशिवाय लागू करू नयेत.
५) अ‍ॅट्रोपीन, स्टिरॉइड व सर्पप्रतिविष यांचा सरसकट वापर थांबविणे हाही उपचाराचाच भाग आहे.